इंजिनाची वही

नगर जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातलं तिसगाव हे कल्याण–विशाखापट्टणम महामार्गावरचं बाजाराचं गाव. ट्रॅक्टर, पाण्याचे पंप, मळणीयंत्रं, ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या यांची दुरुस्ती इथे रस्त्याकडेच्या गॅरेजांत होते. ती करणाऱ्या पोरांनी कंपनीचं पुस्तक कधी पाहिलेलं नसतं, पण इंजिन उघडून पुन्हा जोडताना त्यांचा हात अडत नाही. अशा एखाद्या पोरानं उद्या विमान बांधायला घेतलं तर मला नवल वाटणार नाही. महाराष्ट्रात हे झालेलं आहे. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत, चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी ते पाहिलं, २०१७ साली त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली आणि २०२० साली धुळ्याच्या विमानतळावर त्याच्या चाचण्या झाल्या.

यादवांचं विमान गच्चीवरून धावपट्टीवर न्यायला जी वर्षं लागली त्यांबद्दल खूप लिहून आलं आहे: परवानग्या, नियम, पैसा, जिद्द. मला एका वेगळ्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे, कारण ती आपल्याकडे जवळजवळ बोललीच जात नाही. हातानं विमान बांधणाऱ्यानं पंखांच्या आधी इंजिनाच्या वहीचा विचार करावा, असं माझं म्हणणं आहे. वही म्हणजे प्रत्येक सिलिंडरचं तापमान, एक्झॉस्टचं तापमान, तेलाचं प्रेशर आणि तापमान, इंधनाचा प्रवाह आणि प्रेशर, आरपीएम, बॅटरीचे व्होल्ट या सगळ्यांची सेकंदासेकंदाला आपोआप होणारी, वेळेसकट साठवलेली नोंद. वैमानिकासमोर आकडे दाखवणारा डिस्प्ले हा त्या वहीचा एक भाग झाला. आपल्याकडे तोच सगळं काही समजला जातो, आणि माझ्या मते घोटाळा तिथेच सुरू होतो.

नोंदींची ही आवड अलीकडची, कॉम्प्युटरच्या काळातली आहे असं कुणाला वाटेल. पण १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवरून राइट बंधूंचं जे विमान उडालं, त्यावर तीन मोजमापाची साधनं बसवलेली होती: एक स्टॉपवॉच, हवेतून कापलेलं अंतर मोजणारं फ्रेंच बनावटीचं वायुमापक आणि इंजिनाचे फेरे मोजणारा काउंटर. उड्डाण संपताच तिन्ही एकदम थांबतील अशी सोय केलेली होती. ते इंजिन सायकलच्या दुकानात चार्ली टेलरनं हातानं बनवलेलं होतं, ताकद जेमतेम १२ अश्वशक्ती. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं; त्या दिवसाचं चौथं ५९ सेकंदांचं, ८५२ फुटांचं. जगातल्या पहिल्या घरगुती विमानानं स्वतःच्या इंजिनाची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवली. वजनाचा एकेक औंस जिथे महाग होता तिथे त्या दोघांनी मोजणाऱ्या साधनांना जागा दिली.

आता आपल्याकडे पाहू. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. २०१५ च्या जानेवारीत मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि त्या निमित्तानं हा वाद पुन्हा पेटला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच शास्त्रज्ञांनी 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातली यंत्रं तपासून ती उडू शकत नाहीत असा निष्कर्ष १९७४ सालीच दिला होता. तो ग्रंथाबद्दलचा निष्कर्ष झाला. खुद्द तळपद्यांच्या उड्डाणाबद्दल मात्र किती वेळ, किती उंची, कोणतं इंजिन, किती फेरे यांतलं काहीच हाती नाही. विश्वास ठेवावा असा त्या काळचा कागद नाही. तळपद्यांच्या हुशारीबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच हे सांगताना वाईट वाटतं: ज्या प्रयोगाची नोंद नाही त्याच्याबद्दल बाजूनं बोलता येतं, विरुद्ध बोलता येतं, पण त्यावरून पुढच्या माणसाला एक पाऊलही टाकता येत नाही. राइट बंधूंच्या वह्यांवर पुढचं विमान उभं राहिलं. चौपाटीच्या कथेवर तसं काही उभं राहू शकलं नाही.

गावाकडचे मिस्त्री इथे एक आक्षेप घेतात, आणि तो मला हलका वाटत नाही. ते म्हणतात, कान हाच आमचा मीटर. आवाजावरून आम्ही सांगतो की कुठला सिलिंडर मारत नाही, टॅपेट सैल आहे की कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं आहे. हे खरं आहे. मी अशी माणसं पाहिली आहेत आणि त्यांच्या कानापुढे मान झुकवावी अशी त्यांची योग्यता आहे. पण हा कान जमिनीवर, थांबलेल्या गाडीजवळ, बॉनेट उघडून काम करतो. विमानात पंख्याचा आणि एक्झॉस्टचा आवाज इतका असतो की ज्या आवाजावर मिस्त्रीचा सगळ्यात जास्त भरवसा, ती 'नॉकिंग'ची ठोक, ती तिथे ऐकूच येत नाही. इंजिन ठोकायला लागतं तेव्हा सिलिंडर हेडचं तापमान झपाट्यानं चढतं आणि त्याच वेळी एक्झॉस्टचं उतरतं. ही उलटी चाल आकड्यांत लगेच दिसते. कानाला ती कळेपर्यंत पिस्टनला भोक पडायची वेळ आलेली असते.

दुसरं असं की कानाला सगळ्या इंजिनाचा मिळून एक आवाज ऐकू येतो. विमानाच्या हवेनं थंड होणाऱ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर वेगळा उभा असतो. त्याला मिळणारी हवा वेगळी, कार्बोरेटरवरून येणारं मिश्रणही थोडं वेगळं. जुन्या विमानांत एकाच सिलिंडरवर तापमानाचा एक काटा असे आणि बाकीच्यांचं नशीब त्या एकावरून ठरवलं जाई. शिवाय विमानाच्या सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात. एक मेला तरी इंजिन चालत राहतं, ताकद थोडीच कमी होते आणि वैमानिकाच्या लक्षातही येत नाही. पण ज्वलन उशिरा पुरं झाल्यामुळे त्या सिलिंडरच्या एक्झॉस्टचं तापमान वर गेलेलं असतं. चारही सिलिंडरांचे आकडे शेजारी शेजारी असतील तर मेलेला प्लग कुठल्या सिलिंडरचा ते बसल्या जागी कळतं.

डिस्प्ले आणि वही यांतला फरक समजायला मला जळक्या व्हॉल्व्हचं उदाहरण सगळ्यात पटतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काठाला जळायला लागला की तिथून गरम वायू निसटू लागतो. व्हॉल्व्ह चालता चालता स्वतःभोवती अगदी सावकाश फिरत असतो, म्हणून ती जळकी जागा कधी सेन्सरसमोर येते, कधी लांब जाते. त्या एका सिलिंडरचं एक्झॉस्ट तापमान संथ लाटेसारखं वरखाली होतं, साधारण मिनिटाला एक लाट, तीही जेमतेम १५-२५ अंशांची. समोरच्या डिस्प्लेकडे पाहणाऱ्या कुठल्याही वैमानिकाला ती दिसणार नाही, कारण त्याची नजर वाऱ्यावर, उंचीवर, धावपट्टीवर असते आणि तिथेच असायला हवी. उतरल्यावर मेमरी कार्ड काढून आलेख पाहिला तर ती लाट स्वच्छ दिसते, व्हॉल्व्ह तुटण्याच्या कितीतरी तास आधी. हवेत असताना हे ज्ञान कुणालाही मिळत नाही. ते जमिनीवर, रात्री, टेबलावर मिळतं.

म्हणून डिस्प्लेवर आकड्यांची गर्दी करणाऱ्यांशी माझं पटत नाही. टेकऑफच्या वेळी वैमानिकाला चार-पाच गोष्टी पुरतात: आरपीएम, तेलाचं प्रेशर, इंधनाचं प्रेशर, सगळ्यात गरम सिलिंडर. बाकीचं मर्यादा ओलांडली तरच लाल होऊन समोर यावं. दशांशातले आकडे भराभर बदलत राहिले की डोळा त्यांत अडकतो. मात्र वहीत काहीही गाळू नये. दाखवताना काटकसर करावी आणि लिहिताना सढळ हात ठेवावा.

वही खोटं लिहीत असेल तर मात्र ती नसलेली बरी, आणि घरी बांधलेल्या विमानात ती खोटं लिहिण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. तापमान मोजणारं थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सांधा. नेहमी वापरलं जाणारं के प्रकारचं थर्मोकपल एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतं. इतक्या बारीक दाबाच्या तारेत मध्येच साधी तांब्याची वायर जोडली की प्रत्येक नव्या सांध्यावर आणखी एक थर्मोकपल तयार होतं. मग आकडा इंजिनाचा राहत नाही, तो सांध्याजवळच्या गरमीचाही होतो. दुसरी वाट अर्थिंगची. सेन्सरची अर्थ इंजिनाच्या अंगावर आणि मीटरची अर्थ दुसरीकडे असली की लँडिंग लाइट लावताच तेलाचं प्रेशर 'वाढतं'. तेल जिथल्या तिथे असतं, वाढतो तो अर्थच्या तारेतला दाब. ज्यानं गावाकडे मोटारपंपाच्या स्टार्टरशी झटापट केली आहे त्याला ही गोष्ट एका वाक्यात कळेल. उपायही साधा आहे, सगळ्यांची अर्थ एका जागी आणा.

तपासणी घरच्या घरी होते. बर्फाच्या पाण्यात सेन्सर धरला की शून्य दिसलं पाहिजे. उकळत्या पाण्यात १०० दिसलं पाहिजे असं पुस्तक सांगतं, पण नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या किंचित खालीच उकळतं. तिथे १०० दाखवणारा सेन्सर दोन अंशांनी चुकतो आहे. असे दोन अंश सिलिंडरच्या तापमानात फार मोठे नाहीत. पण ज्यानं ही तपासणी केली त्याच्या बाकीच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवीन.

साधन जोडताना आणखी एक पथ्य, कारण इथे चूक जिवावर बेतते. तेलाच्या प्रेशरचा जड सेन्सर थेट इंजिनावर पितळी निपलनं बसवला तर कंपनानं निपल तडकतं आणि इंजिनाचं तेल बाहेर पडतं. तो होज लावून फायरवॉलवर बसवायचा असतो आणि इंजिनाच्या तोंडाशी बारीक भोकाचं फिटिंग द्यायचं असतं, म्हणजे होज फुटला तरी तेल थेंबाथेंबानं जाईल. स्वतः बनवलेला लॉगर फक्त ऐकणारा असावा. तो बंद पडला तरी इग्निशनचं, इंधनाचं, डिस्प्लेचं काहीही बिघडता कामा नये. फाइल साध्या मजकुराची ठेवावी आणि दर काही सेकंदांनी कार्डावर लिहून टाकावी, कारण वीज गेली की सगळ्यात आधी हरवतात ते शेवटचे सेकंद, आणि तपासाला तेच हवे असतात.

इथवरचं ज्ञान परदेशातल्या बांधणाऱ्यांकडूनही घेता येतं. पुढचं मात्र आपल्यालाच मिळवावं लागेल. घरगुती विमानांचं जगातलं मोठं घर अमेरिकेत आहे. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकीत प्रायोगिक विमानांची संघटना काढली आणि आज विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला दर उन्हाळ्यात तिचा मेळा भरतो. तिथले तक्ते, तिथले अनुभव तिथल्या हवेचे आहेत. प्रमाण हवा म्हणजे समुद्रसपाटीला १५ अंश. आपल्याकडे मे महिन्यात ४० अंशांच्या दुपारी नगरच्या उंचीवर हवा इतकी विरळ होते की विमानाचं वागणं सुमारे १,७०० मीटर उंचीवर असल्यासारखं होतं. पंख कमी उचलतात, पंखा कमी ओढतो, इंजिन कमी ताकद देतं आणि त्याला थंड करणारी हवाही गरम आणि विरळ असते. लायकॉमिंगच्या इंजिनांना सिलिंडर हेडची कमाल मर्यादा २६० अंश सेल्सियस दिलेली असते, पण जाणते वैमानिक २०० च्या आसपास राहायला बघतात. नगरच्या मेमध्ये पूर्ण भारानं वर चढताना ते जमेल का? या प्रश्नाचं उत्तर विस्कॉन्सिनच्या वहीत नाही. ते दख्खनच्या पठारावर उडालेल्या विमानांच्या वह्यांतून आलं पाहिजे.

इंधनाचंही तेच. आपल्या पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० साली उभा राहिला तेव्हापासून हा जिल्हा साखरेचा, आणि इथेनॉलला चांगला भाव मिळाला तर इथल्या ऊस उत्पादकाइतका आनंद कुणालाच होणार नाही. पण हलक्या विमानांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या रोटॅक्स ९१२ मालिकेला तिचा निर्माता १० टक्क्यांपर्यंतचंच इथेनॉल मान्य करतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून तेच कार्बोरेटर तेवढंच इंधन देताना मिश्रण पातळ करतं. गरम हवेत इंधनाच्या नळीत वाफ धरण्याची भीती वेगळीच. अशा वेळी इंधनाचं प्रेशर आणि प्रवाह यांची नोंद नसलेलं विमान घेऊन वर जाणं मला अक्षम्य वाटतं.

ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत एका तरुणानं हातानं बांधलेल्या हेलिकॉप्टरची जमिनीवर चाचणी चालू होती. मागच्या पंख्याचं पातं तुटून मुख्य पंख्यावर आदळलं आणि तो तरुण गेला. वेल्डिंग करणारा, शिक्षण अर्धवट सुटलेला, पण हातात कसब असलेला मुलगा. ती बातमी वाचून मला झोप लागली नव्हती. कंपनाचा एखादा सेन्सर असता तर तो वाचला असता असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण त्याच्याआधी महाराष्ट्रात ज्यांनी ज्यांनी पंखे फिरवून पाहिले त्यांच्या आरपीएमच्या, कंपनाच्या, तुटलेल्या पात्यांच्या नोंदी कुठे होत्या? त्यानं वाचावं असं मराठीत काय होतं? आपण अशा मुलांचे व्हिडिओ पाहिले, टाळ्या वाजवल्या, पेपरात फोटो छापले. 'उडवून दाखवलं' एवढंच आपण मोजलं. इंजिन किती तास चाललं, कुठल्या तापमानाला, काय सैल झालं, हे विचारणारा बातमीदार मी पाहिलेला नाही. ही चूक त्या मुलांची नाही, आपली आहे.

नोंदी ठेवण्याचं हे काम आपल्याकडे होतच नाही असं नाही. ते आमच्याच जिल्ह्यात होतं. नगरजवळच्या वाहन संशोधन आणि विकास संस्थेनं, म्हणजे डीआरडीओच्या व्हीआरडीईनं, बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेबरोबर 'निशांत' या मानवरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचं वँकेल इंजिन तयार केलं. गाभा बंगळुरूचा आणि इग्निशन, इंधनाची व्यवस्था नगरची. २९ मार्च २००९ रोजी कोलारजवळ ते 'निशांत'ला घेऊन उडालं. असं इंजिन हवेत जाण्याआधी टेस्ट बेडवर घासून पाहिलं जातं आणि त्याचे आकडे कागदावर येतात, तेव्हाच कुणीतरी परवानगीवर सही करतं. तिसगावच्या पोराला टेस्ट बेड मिळणार नाही. पण काही हजार रुपयांची थर्मोकपलं, चिप आणि मेमरी कार्ड मिळू शकतं. बाजारातला तयार इंजिन मॉनिटर घ्यायचा तर लाखांची गोष्ट होते. साधा लॉगर त्याच्या हाताबाहेरचा नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं २०१२ साली घरगुती विमानांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. ही विमानं तिथल्या खासगी विमानांच्या एक दशांशाच्या आसपास, पण २०११ च्या जीवघेण्या अपघातांत त्यांचा वाटा पाचातला एक. इंजिनाचा बिघाड आणि हवेत ताबा सुटणं ही त्यातली ठळक कारणं, आणि बरेच अपघात विमानाच्या अगदी पहिल्या उड्डाणांत झालेले. मंडळाच्या शिफारशींत इंधन व्यवस्थेची नीट चाचणी होती, आणि चाचणी उड्डाणांत इलेक्ट्रॉनिक साधनांनी नोंदलेली माहिती वापरावी हेही होतं. त्या मंडळानं घरी विमान बांधण्यावर बंदी सुचवली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी वही मागितली.

आपल्याकडेही हेच व्हावं. विमान बांधणाऱ्यांवरच्या नियमांचा मी विरोधक नाही. हवेतून खाली पडणारी गोष्ट बांधणाऱ्यापुरती राहत नाही. पण आज बांधणारा माणूस अधिकाऱ्यासमोर उभा राहतो तेव्हा त्याच्याजवळ दाखवायला असते ती जिद्द, आणि अधिकाऱ्याजवळ असतो तो संशय. दोघांत बोलणं होईल असं काहीच मध्ये नसतं. चाळीस तास जमिनीवर बांधून चालवलेल्या इंजिनाची सलग नोंद मध्ये आली की बोलणं होऊ शकतं. या तासाला दुसऱ्या सिलिंडरचं तापमान का चढलं, तुम्ही काय बदललं, नंतर काय झालं. ज्याला उत्तर देता येतं त्याला पुढची पायरी द्यावी, ज्याला येत नाही त्याला थांबवावं. मात्र ही नोंद त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरली जाणार असेल तर ती कुणी प्रामाणिकपणे ठेवणार नाही. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आपल्या चुका 'नासा'कडे निर्धास्तपणे कळवतात, कारण त्यासाठी त्यांना संरक्षण आहे. तसं संरक्षण इथल्या बांधणाऱ्याच्या वहीलाही हवं.

म्हणून माझी मागणी तीन ठिकाणी आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं हौशी विमानांच्या चाचणीसाठी इंजिनाची सलग इलेक्ट्रॉनिक नोंद आवश्यक करावी आणि बिघाडाची नोंद कळवणाऱ्याला त्याबद्दल शिक्षा होणार नाही असं लिहून द्यावं. जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत दुसऱ्याच्या इंजिनाच्या नोंदी वाचायचं काम घ्यावं आणि त्या नोंदी मराठीत, सगळ्यांना पाहता येतील अशा ठेवाव्यात. आणि तिसगावात, फुलसावंगीत किंवा कुठल्याही गावात जो मुलगा आज शेडमध्ये इंजिन चालवून पाहतो आहे, त्यानं पंखा बसवण्याआधी थर्मोकपल बसवावं, दहा तास इंजिन बांधून चालवावं आणि त्याची फाइल दुसऱ्या कुणाला तरी तपासायला द्यावी.